अण्णांची वस्तीची गाडी

अण्णांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून. त्यांच्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राची तीच असावी. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, "पोरगं कधीचं?" आजी म्हणाली, "कोजागिरीचं." गुरुजींनी १ जून लिहून टाकलं आणि पुढच्या पोराला हाक मारली. पुढं अण्णा एसटीत चालक म्हणून लागले, तर एसटीचा वाढदिवसही १ जूनच निघाला. १९४८ साली त्या दिवशी पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला धावली. त्यामुळं कराडच्या डेपोत १ जूनला गाड्यांना हार आणि कर्मचाऱ्यांना पेढे. अण्णा त्यांच्या वाटणीचा पेढा कागदात गुंडाळून घरी आणायचे, आईच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "महामंडळानं माझा वाढदिवस केला बघ." घरात वेगळा वाढदिवस असा त्यांचा कधी झालाच नाही.

ऐंशी पूर्ण होत होती ती कोजागिरी आमच्याकडं येणार होती. म्हणजे आई-अण्णा सहा महिन्यांसाठी माझ्याकडं, सॉल्ट लेक सिटीजवळ, राहायला आलेले, दादा-वहिनी डॅलसला. फोनवर बेत सुरू झाले. वहिनीचा बेत रीतसर होता: देवळाचा हॉल, गुरुजी, सहस्रचंद्रदर्शनाचा विधी, शंभरेक पानं. दादाच्या डोक्यात लास व्हेगास. अण्णांनी दोन्हीला एकाच वाक्यात निकालात काढलं, "माझ्या वाढदिवसाला लोकांनी विमानाची तिकिटं काढायची व्हय?" आणि आईनं तिची एकच अट घातली. कुठंही न्या, पण रोज नव्या हॉटेलात बॅगा उघडायला आणि सकाळी पुन्हा भरायला लावू नका.

या अटीतून आरव्ही निघाली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली एक खोली. मागं पलंग, मध्ये शेगडी, बेसिन, फ्रिज, कपाटाएवढा संडास-बाथरूम, जेवायचं टेबल मोडलं की त्याचा बिछाना, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर आणखी एक माचा. आम्ही सातजण: आई-अण्णा, दादा-वहिनी, मी, मंदार आणि आमची लेक सई. सातजणांची झोपायची आणि पट्टे लावून बसायची सोय असलेली तीस फुटी गाडी मिळाली. सईच्या शाळेला ऑक्टोबरात मध्येच एक छोटी सुट्टी असते, तिच्यातच कोजागिरी बसत होती. युटातली दोन राष्ट्रीय उद्यानं ठरली, कॅपिटल रीफ आणि ब्राइस कॅन्यन.

दादानं अण्णांना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. अगदी दागिना दाखवावा तसे. अण्णांनी चष्मा वर करून पाहिले आणि विचारलं, "रात्री गाडी लावायची कुठं?"

"कॅम्पग्राउंड असतं, अण्णा. जागा बुक केलीय."

"आणि झोपायचं?"

"गाडीतच."

"मग ही वस्तीची गाडी झाली की रं."

दादाचा चेहरा पडला. मला हसू आवरेना.

वस्तीची गाडी म्हणजे काय हे आता शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. रस्ता जिथं संपतो त्या गावाला संध्याकाळची शेवटची फेरी जायची आणि तिथंच मुक्काम करायची. पहाटे पाच-साडेपाचला तीच गाडी पहिली फेरी घेऊन तालुक्याला निघायची. शाळा-कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या, कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊभाऊ, सगळं तिच्यात. मधली रात्र चालक आणि वाहक गाडीत, देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात काढायचे. कुणाच्या तरी घरून भाकरी-पिठलं यायचं. महामंडळ त्याचा रात्रवस्ती भत्ता द्यायचं, तो किती होता हे सांगितलं तर आता कुणाला पटायचं नाही. पाटण-कोयनेच्या बाजूची, डोंगराच्या पोटातली गावं अण्णांच्या नशिबी बऱ्याचदा आली. लहानपणी आम्ही अण्णांच्या आठवड्याचे दोन भाग करायचो, घरातल्या रात्री आणि वस्तीच्या रात्री. वस्तीच्या रात्री आई कडीला आतून कुलूप घालायची.

तर आयुष्यातली कितीतरी वर्षं गाडीत झोपलेल्या माणसाला ऐंशीच्या निमित्तानं आम्ही हौसेनं, भरपूर डॉलर मोजून, पुन्हा गाडीत झोपवायला निघालो होतो. वहिनी म्हणाली, रद्द करू. अण्णा म्हणाले, "कशाला? ड्युटी लावली तर लावली." त्यांनी लगेच टॉर्च, पंचा आणि रेघांची वही काढून ठेवली.

गाडी ताब्यात घ्यायचा कार्यक्रम तासभर चालला. भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा एक तरुण मुलगा आम्हाला टाक्या, नळ्या, गॅसचे कॉक, जनरेटर समजावून सांगत होता, आणि त्याच वेळी अण्णा गाडीभोवती स्वतःची स्वतंत्र तपासणी करत होते. टायरवर बुक्क्या मारून झाल्या. खाली वाकून (आई: "अहो, कंबर!") ऑइल कुठं गळतंय का ते पाहिलं. मग मला म्हणाले, त्याला विचार, स्टेपनी कुठाय. स्टेपनी होती. जॅक कुठाय? जॅक नव्हता. टायर बसला तर एक नंबर दिलाय, त्यावर फोन करायचा. अण्णांनी त्या मुलाकडं असं पाहिलं की भाषांतराची गरजच पडली नाही.

हमरस्त्याला लागल्यावर पहिला तासभर आमच्यापैकी कुणीच फारसं बोललं नाही, कारण बोललेलं ऐकूच येत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला चमचे, ताटल्या, कपाटांची दारं, टांगलेलं झारं-उलथनं, सगळे आपापलं मत मांडायचे. वहिनीनं भांड्यांच्या मध्ये टॉवेल खुपसले तेव्हा जरा शांतता झाली. दादा चालवत होता, अण्णा त्याच्या शेजारी. पण इथं ड्रायव्हर डावीकडं बसतो, म्हणजे अण्णा उजवीकडं, म्हणजे त्यांच्या जन्माच्या सवयीनं ड्रायव्हरच्या जागेवर. समोर फक्त स्टिअरिंग नाही. समोरून ट्रेलर आला की त्यांचा उजवा पाय सतरंजीवर दाबला जायचा. दादाला ते दिसत होतं. तो काही बोलला नाही, आणि ही दादाची मोठी सुधारणा आहे.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा अण्णांनी वही काढली. किती मैल झाले, किती गॅलन बसलं, मैलाचे किलोमीटर, गॅलनचे लिटर. सईनं फोनवर हिशेब करून देईपर्यंत त्यांचा पेन्सिलीनं झालाही होता. एसटीत इंधनाचा हिशेब केपीटीएलमध्ये होतो, दहा लिटरला किती किलोमीटर. चालकाची पत त्यावर ठरते. डेपोत चालकागणिक आकडा निघतो, कमी पडला की बोलावणं येतं. "अडतीस," अण्णांनी निकाल दिला. "आमच्या डेपोत ह्या केपीटीएलला पहिल्याच महिन्यात मेमो मिळाला असता. आणि आमच्यात पन्नास-साठ माणसं असायची, वर कोंबड्या." नंतर पूर्ण प्रवासभर दादा पेट्रोल पंपावर अण्णा उतरायच्या आत टाकीचं झाकण बंद करायला धडपडत होता.

आईचं भांडण वेगळ्याच गोष्टीशी होतं. शेगडीपासून संडासाचं दार दोन हातांवर. "स्वयंपाकघरात संडास?" हे तिनं पहिल्या दिवशी तीन निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहिलं. तो वापरणार नाही असंही जाहीर केलं आणि वाटेतल्या प्रत्येक विश्रांती-थांब्यावर निष्ठेनं उतरत राहिली. मग पहिल्या रात्री दोन वाजता, बाहेर चार अंश थंडी असताना, निष्ठा संपली. सकाळी काही विषय निघाला नाही. टाकी रिकामी करायचं काम मंदारकडं होतं. त्याचीही एक शिस्त आहे: आधी मैल्याची टाकी सोडायची, मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे दुसरं पाणी पाइप धुऊन नेतं. उलटं केलं तर पाइप तसाच भरलेला तुमच्या हातात. अण्णा टॉर्च घेऊन जावयाच्या शेजारी उभे राहायचे. "जावयाला असलं काम," म्हणून आई आत तोंडाला पदर लावून बसायची. मंदारला त्याचं काही नव्हतं. त्याला खरी भीती होती ती फोडणीची. आईनं तेलात मोहरी टाकली की छतावरचा धुराचा भोंगा ओरडायला लागायचा आणि सईला वर्तमानपत्र घेऊन त्याला वारा घालत उभं राहावं लागायचं.

कॅपिटल रीफमध्ये आम्ही जिथं उतरलो ती जागा म्हणजे फ्रुटा. चारी बाजूंनी लाल कडे, मधून फ्रीमॉन्ट नदी, आणि त्या पट्ट्यात चक्क फळबागा. १८८० च्या दशकात मॉर्मन पंथाची कुटुंबं इथं येऊन वसली. वस्ती कधीच दहा-एक घरांच्या वर गेली नाही. त्यांनी नदीचं पाणी पाटानं फिरवलं आणि सफरचंद, पेअर, जर्दाळू, पीच, चेरी लावल्या. पुढं सरकारनं हा भाग आधी संरक्षित केला, १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान केला, आणि त्याच्या थोडं आधी शेवटचं कुटुंबही जमीन विकून निघून गेलं. माणसं गेली, झाडं राहिली. अजून दोनेक हजार झाडं उद्यानाचे लोक सांभाळतात, छाटतात, पाणी देतात. मोसमात बागेत शिरून झाडाखाली उभं राहून पोटभर खाल्लं तर पैसे नाहीत. घरी न्यायचं तर वजन करून पेटीत पैसे टाकायचे. शिडी आणि फळं उतरवायची काठी तिथंच ठेवलेली असते.

शेवटची सफरचंदं राहिली होती. अण्णा काठी घेऊन बागेत रमले. मी त्यांना ती ओसाड शाळा दाखवली, १८९६ ची, एकाच खोलीची, लाकडी. १९४१ मध्ये ती बंद झाली, पोरं उरली नाहीत म्हणून. अण्णांनी खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून आतले बाक पाहिले आणि विचारलं, "ही माणसं गेली कुठं?"

"अशीच, आसपासच्या गावांत, शहरांत."

"धरणात नाही गेलं?"

"नाही, अण्णा. उद्यान झालं."

"हां." कोयनेच्या वाटेवर त्यांच्या गाडीत बसणाऱ्यांत धरणानं उठवलेल्या गावांची माणसं असायची. कुणाच्या तिकिटावर नवं गाव, बोलण्यात जुनंच. अण्णा पुढं काही म्हणाले नाहीत. एक सफरचंद पंच्याला पुसून आईला दिलं.

संध्याकाळी कोजागिरी. आईनं कणकेचे दिवे घरूनच करून आणले होते, वाफवून, डब्यात कापड घालून. ऐंशी. वहिनीनं तबक सजवलं. गाडीच्या आत ऐंशी दिवे लावायचा प्रश्नच नव्हता, भोंग्यानं अख्खं कॅम्पग्राउंड उठवलं असतं. बाहेरच्या लाकडी टेबलावर मांडले तर दरीतून वारा सुटला. दोन खुर्च्या, एक चादर, दादा आणि मंदार असा आडोसा करून एकावेळी आठ-दहा दिवे लावायचे, आईनं ओवाळायचं, ते विझायचे, पुढचे आठ-दहा. अण्णा डोक्यावर लोकरीची कानटोपी, कपाळाला कुंकू आणि अक्षता अशा थाटात कॅम्पच्या घडीच्या खुर्चीत ताठ बसून होते. शेजारच्या आरव्हीतलं एक वयस्क जोडपं आधी लांबून पाहत होतं, मग जवळ आलं. त्यांना सांगितलं, वडिलांची ऐंशी. त्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या पुरुषाकडं मोठी दुर्बीण होती आणि तो वैतागलेला होता. ह्या उद्यानाला काळोख्या आकाशाचा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. लोक तारे बघायला मुद्दाम अमावास्या धरून येतात, त्याला मात्र जागा पौर्णिमेची मिळाली. आम्ही पौर्णिमाच धरून आलोय हे ऐकून त्याला आमचं जरा नवल वाटलं.

तेवढ्यात दिवे विझलेल्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक हरीण येऊन कणकेचा वास घेऊ लागलं. मोठ्या कानांची हरणं फ्रुटात अगदी गुरांसारखी फिरतात. त्यांना काही खाऊ घालणं हा मात्र गुन्हा. आई म्हणाली, "येऊ दे की, देवाघरचं पाहुणं." सईनं नियम सांगत सगळे दिवे भराभर पिशवीत भरले. हरणानं आईकडं आणि आईनं सईकडं सारख्याच नजरेनं पाहिलं.

आणि चंद्र काही उगवेना. फोनवरच्या वेळेप्रमाणं तो कधीच उगवलेला होता. शेगडीवर दूध आटत होतं, केशर पडलं होतं, चारोळ्या पडल्या होत्या, आणि पूर्वेला नुसता काळा कडा. मग दादानं पश्चिमेकडं बोट केलं. तिकडच्या कड्याचा अगदी वरचा काठ उजळला होता. चंद्र आम्हाला दिसत नव्हता, पण त्या कड्याला दिसत होता. तो उजेड दगडावरून खाली उतरू लागला, इतका हळू की टक लावली तर कळायचं नाही, दूध ढवळून परत बघितलं तर एक थर खाली आलेला. आधी कड्याचा माथा, मग त्याच्या उभ्या भेगा, मग पायथ्याचा उतार, मग बागेतले शेंडे. सगळ्यात शेवटी आमचं टेबल. मागं वळून पाहिलं तर कड्यावर चंद्र होता.

अण्णांनी हात जोडले. वहिनीनं मोबाईलवर गुरुजींनी पाठवलेला मंत्र लावला, रेंज नसल्यामुळं तो दोन ओळींनंतर गोल गोल फिरत बसला.

सई म्हणाली, "आजोबा, एक प्रॉब्लेम आहे." तिनं हिशेब केला होता. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस. ऐंशी वर्षांत पौर्णिमा होतात नऊशे नव्वदच्या आसपास. हजार व्हायला अजून दहा कमी, म्हणजे आणखी दहा महिने, म्हणजे श्रावणात.

"श्रावणात?" अण्णा हसायलाच लागले. "म्हणजे हजारावा ढगात. आमच्याकडं श्रावणात चंद्र कुठला दिसतोय?"

"मग पावसाळ्यातले सगळेच वजा करायचे का?"

"कर."

वर्षाला चार असे तीनशे वीस गेले. उरले सहाशे सत्तर.

"त्यातनं गाढ झोपलेलो ते कर वजा."

"ते किती?"

"ते न्हाई सांगता यायचं. पण वस्तीला असलो की दिसायचाच. काचेतनं तोंडावरच यायचा." मग त्यांनी एका कोजागिरीची गोष्ट सांगितली. डोंगरातलं गाव, गाडी देवळापुढं लावलेली. गावातल्या पोरांनी ठरवलं की दूध मास्तरांनी द्यायचं, साखर सरपंचांनी आणि जागा एसटीनं. सगळं गाव रात्री गाडीत येऊन बसलं, कारण बाहेर थंडी. चव्वेचाळीस सिटा आणि मधला बोळ भरलेला, गाडी जागेवर उभी, आणि भजन. बारा वाजता कुणीतरी डबल बेल मारली. "पहाटे गाडी झाडायला वाहकाला नि मला तास लागला. सिटांखाली नुसत्या शेंगांच्या टरफला."

आई दूध पेल्यांत ओतत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आणि माझ्याबरोबर किती बघितलं?"

अण्णांनी पेला हातात घेतला. "हा एक धर," म्हणाले.

"धरते," आई म्हणाली, आणि दादाला म्हणाली, तुझ्यात साखर कमी घातलीय.

त्या रात्री मला टेबलाच्या बिछान्यावर झोप लागत नव्हती. मागं पातळ पडद्यापलीकडं आई-अण्णा. गाडीत कूस बदलली तरी सगळ्यांना कळतं, तिथं कुजबुज काय लपणार.

"तुम्ही असंच झोपायचा?" आई.

"असं कुठलं. ही गादी बघ की."

"मग?"

"मागचं लांब शीट असतंय ना. पाय दुमडून. पावसात गळायचं, मग पुढं सरकायचो."

"मी विचारलं की म्हणायचा, पांघरूण होतं."

"होतंच की. वाकळ द्यायचं कुणीतरी."

"मला वाटायचं देवळात झोपताय."

"देवळातबी झोपायचो. उंदरं असायची."

बराच वेळ काही नाही. मग आई म्हणाली, "तुम्ही नसला की मी दिवा चालू ठेवून झोपायचे. बिल यायचं तेव्हा तुम्ही ओरडायचा." त्यावर अण्णा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी कानावर उशी घेतली होती.

माझ्या मते या प्रवासात वाढदिवस अण्णांचा झाला तरी जुनं येणं वसूल झालं ते आईचं. चालकाच्या घरच्यांना महामंडळाचा पास मिळायचा, आम्ही त्यावर पंढरपूर, कोल्हापूर, गणपतीपुळे केलं. पण गाडी दुसऱ्याच कुणाची तरी असायची, आणि अण्णांची रजा शिल्लक नसायची किंवा मंजूर नसायची. आई आयुष्यभर एसटीनं फिरली. नवऱ्याच्या शेजारी बसून तिनं किती प्रवास केला ते बोटांवर मोजता येईल. मुलांनी आई-वडिलांना काय द्यावं याबद्दल आमच्या पिढीत फार बोललं जातं, क्रूझ, युरोप, हेल्थ चेकअपचं पॅकेज. आईला हवी होती एक अख्खी रात्र, ज्यात हा माणूस गाडीसकट घरी आहे. हे आम्ही ठरवून केलं असं म्हणणं खोटं होईल.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता मी वाचून घाबरले होते. युटाचा १२ नंबरचा राज्यमार्ग, सुमारे दोनशे किलोमीटर. बोल्डर पर्वतावर तो साडेनऊ हजार फुटांच्या वर चढतो. पलीकडं उतरला की बोल्डर नावाचं गाव लागतं. १९३० च्या दशकातही तिथं टपाल खेचरांच्या पाठीवरून यायचं, कारण गाडीरस्ताच नव्हता. अण्णांना हे फार आवडलं. "आम्ही टपालाच्या पिशव्या न्यायचो, पेपरचे गठ्ठे न्यायचो, एकदा नवरदेव नेला," असं ते त्या गावच्या पाटीकडं बघत म्हणाले. गावाच्या पुढं हॉग्जबॅक. तिथं रस्ता एका कड्याच्या पाठीवरून जातो, दोन्ही बाजूंना दरी, आणि कठडा नाही. मागं भांडीसुद्धा गप्प झाली.

त्याच्या पुढच्या उतारावर मला वास आला. जळकट, रबरी. अण्णांना माझ्या आधी आला होता.

"पाय काढ," ते दादाला म्हणाले. आवाज चढवून नाही.

"अण्णा, मग ती पळतीय."

"दुसऱ्यात टाक. ज्या गेरमधी चढतोस त्याच गेरमधी उतरायचं. ब्रेक थांबायसाठी असतो, उतरायसाठी न्हाई."

गाडी ऑटोमॅटिक, पण खालचे गेर हातानं धरता येतात. दादानं टाकलं. इंजिन मोठ्यानं कण्हलं आणि गाडी आपोआप ओढून धरल्यासारखी हळू झाली. पुढची वळणं अण्णा नुसतं हातानं दाखवत होते, तळवा खाली दाबून, उचलून. कुंभार्ली घाटात, पावसात, धुक्यात, वायपर बंद पडलेला असताना माणसं भरून त्यांनी हेच केलं होतं. निवृत्त झाले तेव्हा विनाअपघात सेवेचा त्यांना मान मिळाला होता, नारळ, शाल आणि आईला साडी. ती साडी आईनं कोजागिरीला नेसली होती, हे मला तेव्हा लक्षात आलं. खाली थांब्यावर दादा उतरून गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याचे हात थरथरत होते. अण्णांनी चाकाजवळ हात नेऊन ऊब पाहिली आणि म्हणाले, "अर्धा तास चहा प्या."

ब्राइस कॅन्यनबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तिथले फोटो सगळ्यांनी पाहिलेत आणि फोटोत असतं तसंच ते आहे. नारिंगी सुळक्यांची गच्च गर्दी. वर्षातल्या दीडशेहून जास्त रात्री तिथं गोठतं आणि दिवसा वितळतं, फटीत शिरलेलं पाणी फुगून दगड फोडतं, त्यातून हे सुळके उरतात. ज्याच्या नावानं हे ठिकाण ओळखलं जातं तो ब्राइस नावाचा सुतार होता. इथं गाय हरवली तर शोधणं कठीण, असं तो म्हणायचा म्हणतात. आईला सगळ्या ब्राइसमध्ये ते एकच वाक्य पटलं. आठ हजार फुटांवर अण्णांना दम लागत होता. म्हणून कड्याच्या काठानं सनसेट पॉइंट ते सनराइज पॉइंट असा जो सपाट डांबरी तुकडा आहे तेवढाच बाकांवर बसत बसत केला. बीपी मोजलं, ठीक निघालं. भेटीला आलेल्या आई-वडिलांच्या विम्यात जुने आजार धरत नाहीत हे इथल्या प्रत्येक मराठी घराला पाठ असतं, त्यामुळं यंत्रावरचा आकडा येईपर्यंत आम्ही चौघं श्वास धरून. रात्री पाणी गोठू नये म्हणून बाहेरचा नळाचा पाइप काढून ठेवला, आणि सकाळी अण्णा साडेचारला उठून, इंजिन सुरू करून तापवायचं का, म्हणून दादाला हलवत होते. पहिली फेरी चुकेल असं वाटलं असावं.

परतीच्या दिवशी एका मोठ्या मोकळ्या मैदानात दादानं किल्ली अण्णांच्या पुढं धरली. "एक चक्कर मारा, अण्णा. इथं कुणी नाही."

अण्णांनी किल्लीकडं पाहिलंसुद्धा नाही. "माझं लायसन इथं चालत न्हाई. विम्यात माझं नाव न्हाई. गाडी दुसऱ्याची. वर सात माणसं." दादा म्हणाला, बरं. मला वाटतं त्याच्या मनात या क्षणाचा व्हिडिओ आधीच तयार होता.

मग अण्णा आईला म्हणाले, "तू बस पुढं."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय त्यात. बस."

ती चढली. पट्टा लावून घेतला, पर्स मांडीवर. अण्णा मागं पलंगावर जाऊन पंचा तोंडावर घेऊन आडवे झाले, आणि गाडी हलायच्या आत घोरायला लागले. चालत्या गाडीत झोपलेले अण्णा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. बोळातून जाता येता सईनं त्यांचे फोटो काढले. बाहेर रेड कॅन्यन लागलं, तिथं रस्त्यावर लाल दगडाच्या दोन कमानी आहेत. आईनं पहिल्या कमानीखाली डोकं खाली घेतलं, दुसऱ्या कमानीखाली नाही. पॅनग्विच गावापर्यंत ती एकटीच बोलत होती. "केवढं मोठं दिसतं गं पुढनं. खिडकीतनं नुसतं बाजूचं दिसतं. आणि ह्यांनी कधी सांगितलं नाही."

गाडी परत करताना कंपनीच्या मुलानं सगळीकडून फिरून ओरखडे शोधले. एकही सापडला नाही. अण्णांनी वहीत शेवटचं वाचन लिहिलं, खाली रेघ मारली आणि दादासमोर वही धरली. रात्रवस्ती भत्ता, म्हणाले.

आता ते दोघं परत कराडला गेलेत. चैत्रात आई पंच्याहत्तर पूर्ण करेल. वहिनीनं फोनवर हळूच हॉलचा विषय काढला तर आईनं मध्येच तोडलं. तिला कराडहून चिपळूणला जायचंय, साध्या लाल गाडीनं, कुंभार्ली घाटातून, ड्रायव्हरच्या मागच्या सिटावर, आणि शेजारी ह्यांनी बसायचं. आम्ही दोघं भावंडं यायचं कबूल केलंय, तिकिटं बघतोय. विमानाची. एसटीचा मामला वेगळाच अडकलाय. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत पैसे पडत नाहीत, शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, अण्णा ते कधीपासून घेतात. पण आधार कार्डावर आईचं वय दोन वर्षांनी कमी लागलंय, तेही १ जूनच. तिचं म्हणणं, वाहक ओळखीचा निघाला तर काय बिघडतं. अण्णांचं म्हणणं, बायकांना अर्धं तिकीट आहे ना, ते काढायचं, आणि सुट्टे पैसे घरातून न्यायचे.